मूल दुसऱ्या जिल्ह्यात गेले, आदेशाचे काय?

वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरे : सोलापूर

बालकल्याण समितीच्या, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीच्या, कामकाजाविषयी या सदरात लिहिल्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच अडचण निरनिराळ्या रूपांत मांडलेली आहे. मुलाच्या संरक्षणाचा आदेश एका ठिकाणी झाला आणि मूल दुसऱ्या ठिकाणी राहायला गेले, तर तो आदेश तेथे चालतो का? सोलापुरात हा प्रश्न वारंवार यावा, हे स्वाभाविकच आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि मंगळवेढा या तालुक्यांची शीव कर्नाटकाला लागून आहे, शहरातील तेलुगूभाषक कुटुंबांचे नातेवाईक तेलंगणात आहेत आणि मुंबई–चेन्नई लोहमार्गावरील गाड्या रोज येथे थांबतात. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझी बहीण व मेहुणे अपघातात गेले. त्यांची दहा वर्षांची मुलगी कलबुर्गी येथील बालकल्याण समितीने माझ्या आईच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, स्वाधीन केली. आईचे वय झाल्यामुळे मी दोघींनाही अक्कलकोटला माझ्या घरी आणले. आता शाळेत सांगतात की कर्नाटकचा आदेश येथे चालत नाही, सोलापूरच्या समितीचा नवा आदेश आणा. आम्ही सगळे पुन्हा पहिल्यापासून करायचे का? — एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : पहिल्यापासून काहीही करायचे नाही. मात्र जे करायचे राहून गेले आहे, ते तातडीने करावे लागेल.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा केंद्रीय कायदा आहे. कलबुर्गीची समिती आणि सोलापूरची समिती एकाच कायद्याखाली स्थापन झालेल्या असून प्रत्येकीचे कार्यक्षेत्र तेवढे तिच्या जिल्ह्यापुरते आहे. कार्यक्षेत्र मर्यादित असले, तरी कलबुर्गीच्या समितीने कायदेशीरपणे दिलेला आदेश सीमेवरील दुधनी ओलांडताच रद्द होत नाही. अपिलात किंवा त्याच समितीच्या पुढील आदेशाने तो बदलेपर्यंत तुमच्या आईकडे असलेला मुलीचा ताबा कायदेशीरच आहे, आणि शाळेने त्यावर शंका घेण्याचे कारण नाही. शिवाय बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला किंवा वयाचा पुरावा हाताशी नाही, एवढ्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. मुलगी दहा वर्षांची असल्याने तिला या तरतुदी लागू आहेत. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, त्यासोबत समितीच्या आदेशाची प्रत जोडा आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी बोलण्यात आठवडे जातात, असा माझा अनुभव आहे.

अडचण आहे ती देखरेखीची. समिती मुलाला नातेवाइकाच्या किंवा ‘योग्य व्यक्ती’च्या, म्हणजे मूल सांभाळण्यास पात्र ठरवलेल्या व्यक्तीच्या, स्वाधीन करते तेव्हा तिची जबाबदारी संपत नाही. मुलाची प्रकृती, शाळा आणि घरातील वागणूक यांवर तिला लक्ष ठेवावे लागते, आणि हे काम ती आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षामार्फत करते. तुम्ही मुलीला न कळवता अक्कलकोटला आणल्यामुळे कलबुर्गीच्या कागदोपत्री ती अजून जुन्या पत्त्यावर आहे. उद्या तेथील कर्मचारी गृहभेटीला गेले आणि घराला कुलूप दिसले, तर ‘मूल बेपत्ता’ असा अहवाल जाऊ शकतो. तुमचा हेतू चांगला होता, याबद्दल शंका नाही. तरीही घर बदलण्यापूर्वी समितीला कळवणे ही आजींवर असलेली अटच समजायला हवी.

आता मार्ग असा. आजींच्या सहीने कलबुर्गीच्या समितीकडे अर्ज करा. त्यात स्थलांतराचे कारण, नवा पत्ता, घरात कोण कोण राहते आणि मुलीचा शाळाप्रवेश कोठे होत आहे, हे स्पष्ट लिहा. सोलापूरच्या समितीशी विचारविनिमय करून प्रकरण तिच्याकडे वर्ग करावे, अशी विनंती त्याच अर्जात करा आणि अर्जाची एक प्रत सोलापूरच्या समितीला व जिल्हा बाल संरक्षण कक्षालाही द्या. कलबुर्गीची समिती सोलापूरकडून घराची चौकशी मागवील. येथील कक्षाचे कर्मचारी तुमच्या घरी येतील, शेजाऱ्यांशी बोलतील आणि मुलीशी एकटीशी बोलतील. त्या वेळी तिच्या बाजूला बसून तिची उत्तरे देण्याचा मोह टाळा. तिला काय वाटते, हे तिच्याच तोंडून ऐकणे समितीला कायद्याने बंधनकारक आहे.

कायद्यातील दोन कलमांची येथे नेहमी गल्लत होते. चौकशी चालू असताना मूल दुसऱ्या ठिकाणचे असल्याचे आढळले, तर त्याला त्याच्या जिल्ह्याकडे पाठवण्याची तरतूद कलम ९५ मध्ये आहे. अंतिम आदेशानंतर एखाद्या बालगृहात किंवा योग्य व्यक्तीकडे असलेल्या मुलाला दुसरीकडे हलवायचे असेल, तर कलम ९६ लागू होते. त्यानुसार समितीच्या शिफारशीवरून राज्य शासन बदलीचा आदेश देते. एकाच जिल्ह्यातील तशाच स्वरूपाच्या दोन संस्थांमधली बदली असेल तर समितीचा आदेश पुरतो, आणि परराज्यातील संस्थेत पाठवायचे असेल तर त्या राज्य शासनाशी विचारविनिमय आवश्यक असतो. याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात तुमच्या शाळेला दाखवण्यासारखे एक वाक्य आहे. बदलीचा असा आदेश मूल जेथे पाठवले जाते तेथील समितीच्या दृष्टीनेही अमलात असल्याचे मानले जाईल, असा त्याचा आशय आहे. थोडक्यात, नव्या जिल्ह्याने जुन्या जिल्ह्याचे काम पुसून नव्याने सुरुवात करावी, अशी या कायद्याची कल्पनाच नाही.

तुमच्या प्रकरणात सांभाळणारी व्यक्ती तीच आहे, बदलला आहे तो पत्ता. त्यामुळे शासन स्तरावरील बदलीच्या आदेशाचा आग्रह धरण्याऐवजी कलबुर्गीच्या समितीने आपल्या आदेशात नव्या पत्त्याची नोंद करावी आणि पुढील देखरेखीसाठी संपूर्ण संचिका सोलापूरकडे पाठवावी, हा मार्ग मला अधिक सोपा आणि मुलीच्या हिताचा वाटतो. आजींच्या वयामुळे उद्या तुमचे नाव योग्य व्यक्ती म्हणून लावायचे झाल्यास ते काम मग सोलापूरची समिती करू शकेल.

संचिकेबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण प्रकरणे अडतात ती याच ठिकाणी. समितीचा आदेश, सामाजिक तपासणी अहवाल, वयाचा पुरावा, वैद्यकीय तपासणीचे कागद, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, मुलीचा वैयक्तिक काळजी आराखडा आणि ताबा दिल्याची पावती, एवढे कागद त्यात असायला हवेत. यांच्या सही-शिक्क्याच्या नकला स्वतःजवळही ठेवा, केवळ टपालावर विसंबू नका. आदेश कन्नडमध्ये असेल. अक्कलकोटात कन्नड वाचणारा घरोघरी सापडतो, पण समितीपुढे द्यायच्या मराठी भाषांतरावर भाषांतर करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि सही असावी. झेरॉक्सच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला सारांश कोणीही ग्राह्य धरणार नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरीही सांगणे भाग आहे. समितीचा हा आदेश मुलीच्या सांभाळापुरता आहे. आईवडिलांच्या विम्याची रक्कम, भविष्यनिर्वाह निधी किंवा जमिनीतील हिस्सा यांचा व्यवहार करण्याचा अधिकार त्यातून आजींना मिळत नाही. त्यासाठी पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली जिल्हा न्यायालयातून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागेल. मालमत्तेच्या पालकत्वाचा अर्ज मुलगी सामान्यतः जेथे राहते तेथील किंवा मालमत्ता जेथे आहे तेथील न्यायालयात करता येतो. मुलगी अक्कलकोटला स्थिर झाल्यावर तो सोलापुरात करणे सोयीचे होईल. मालमत्तेबरोबर खुद्द मुलीच्या पालक म्हणूनही नेमणूक झाल्यास मात्र न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलीला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर कायमचे नेता येणार नाही, हेही आताच लक्षात घ्या.

प्रश्न : रेल्वे स्थानकाबाहेर माझी चहाची टपरी आहे. अकरा वर्षांचा एक मुलगा रडत बसलेला दिसला. तो फक्त तेलुगू बोलत होता. माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकाने त्याच्याशी बोलून गावाचे नाव काढले आणि आम्ही पोलिसांना कळवले. आता तो बालगृहात आहे. फोनवर त्याचा काका सापडला, तरी त्याला घरी पाठवत नाहीत. एवढा उशीर कशासाठी? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण आणि आपल्या गिऱ्हाइकाने जे केले ते योग्यच केले. सापडलेले मूल परस्पर घरी ठेवून घेणे किंवा कोणाच्या तरी हवाली करणे हा गुन्हा ठरू शकतो. अशा मुलाची माहिती चोवीस तासांत न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. मुलालाही प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते. समितीची बैठक त्या दिवशी नसेल तर एखाद्या सदस्यापुढेही हजर करता येते. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक टपरीवर ठळक लिहून ठेवा. आषाढीला पंढरपुरात चुकणाऱ्या मुलांच्या बाबतीतही हीच पद्धत लागू आहे.

आता उशिराविषयी. फोनवर सापडलेला काका खरोखर काका आहे का, तो मुलाला कामाला लावणार नाही ना, आणि मूल घरातून हरवले की पळून आले, याची खात्री केल्याशिवाय समितीने त्याला गाडीत बसवून देणे बेजबाबदारपणाचे ठरेल. मारहाणीला कंटाळून निघालेले मूल पुन्हा त्याच दारात नेऊन सोडले, तर आदेशाला काही अर्थ उरत नाही. म्हणून सोलापूरची समिती मुलाच्या जिल्ह्यातील समितीला लिहिते, तेथील कक्ष घरी जाऊन अहवाल पाठवतो आणि त्यानंतरच कलम ९५ खाली पाठवणीचा निर्णय होतो. सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत आणि अंतिम आदेश मुलाला प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत व्हावा, अशी अपेक्षा कायद्याने ठेवली आहे. चार महिने ही कमाल मर्यादा आहे. जेथे घर सापडले आहे आणि मुलालाही तेथे जायचे आहे, तेथे इतका काळ लागण्याचे कारण नाही.

पाठवणीचा निर्णय झाल्यावर समिती विशेष बाल पोलीस पथकाला सोबत जाण्याचा आदेश देते आणि तो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मुलाला पोहोचवायचे असते. मुलगी असेल तर महिला पोलीस सोबत असावी लागते. पथक उपलब्ध नसेल, तर बालगृहाने किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाने सोबतीची व्यवस्था करायची असते. सोबत जाणाऱ्यांचा प्रवासभत्ता आगाऊ द्यावा, असे कायद्यातच लिहिले आहे. ही तरतूद घालणाऱ्याला कचेरीतली अडचण नेमकी ठाऊक असावी, कारण आदेश तयार आणि पाठवणी भत्त्यासाठी थांबलेली, हा प्रकार नवा नाही. परराज्यातील मुलाला शक्य असल्यास त्याच्या जिल्ह्याच्या समितीकडे, नाहीतर त्या राज्याच्या राजधानीतील समितीकडे सोपवतात. त्यामुळे हा मुलगा आधी हैदराबादला पोहोचला, तर घाबरण्याचे कारण नाही. मूल स्वीकारणारी समिती पुढचे काम स्वतः करते.

उशीर विनाकारण होत आहे असे वाटल्यास मुलाशी संबंधित कोणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकतो. समितीच्या कामाविषयीच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार त्यांना आहे. काकांनी लेखी अर्ज, ओळखीचा पुरावा आणि मुलासोबतचे कौटुंबिक छायाचित्र पाठवले, तर तक्रारीची वेळही बहुधा येणार नाही.

प्रश्न : सांगलीच्या न्यायालयाने कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली मला संरक्षण आदेश आणि माझ्या मुलाचा तात्पुरता ताबा दिला आहे. मी आता माहेरी सोलापूरला राहते. पती येथे येऊन शाळेच्या फाटकाशी मुलाला नेण्याचा प्रयत्न करतात. पोलीस म्हणतात, सांगलीला जा. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : पोलिसांचे म्हणणे चुकीचे आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २७ मधील दुसऱ्या पोटकलमात या कायद्याखालील आदेश संपूर्ण भारतात अंमलबजावणीयोग्य आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. या सदरातील सर्व पत्रांमध्ये सर्वांत सोपे उत्तर तुमचेच आहे. संरक्षण आदेशाचा भंग हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल पोलीस ठाण्यात, संरक्षण अधिकाऱ्याकडे आणि मुलाच्या शाळेत आजच द्या. शाळेला दिलेल्या पत्रात मुलाला कोणाच्या ताब्यात द्यायचे, हे नावानिशी लिहा. शिक्षकांना आदेश वाचायला वेळ नसतो, पण नाव लक्षात राहते.

फरक एवढाच ध्यानात ठेवा की ज्या आदेशाचा भंग झाल्यास शिक्षा होते तो संरक्षण आदेश होय. मुलाच्या शाळेजवळ येऊ नये, अशी मनाई त्यात नसेल आणि केवळ ताब्याचा आदेश असेल, तर परिस्थिती बदलल्याचे दाखवून आदेशात तशी दुरुस्ती मागा.

पुढे घटस्फोटाच्या दाव्यात मुलाच्या ताब्याचा अंतिम हुकूमनामा सांगलीत झाला, तर त्याची गोष्ट वेगळी असेल. दिवाणी हुकूमनाम्याची अंमलबजावणी दुसऱ्या जिल्ह्यात करायची असल्यास तो देणाऱ्या न्यायालयाकडून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ खाली वर्ग करून घ्यावा लागतो आणि मग येथे दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, चालते. दरखास्त चालवणारे न्यायालय हुकूमनामा बरोबर की चूक हे तपासत नाही, तो अमलात आणते. सांगलीत चालू असलेला दावाच सोलापूरला आणायचा असेल तर उच्च न्यायालयात अर्ज करावा लागेल. सांगली आणि सोलापूर हे दोन्ही जिल्हे १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचच्या कक्षेत येत असल्याने त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही.

प्रश्न : माझ्या वर्गातील सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीचे लग्न ग्रामसेवकांनी थांबवले. आईवडिलांनी हमीपत्र लिहून दिले. आता तेच लग्न विजयपुरा जिल्ह्यात मामाच्या गावी लावणार असल्याचे कळते. सोलापूरचे हमीपत्र तेथे कोण मानणार? — एक शिक्षक, दक्षिण सोलापूर

उत्तर : स्पष्टच सांगायचे तर ते हमीपत्र सोलापुरातही फारसे कोणी मानत नाही. हमीपत्र हा न्यायालयाचा आदेश नव्हे. ते मोडल्याबद्दल वेगळी शिक्षा नाही, आणि लग्न मोडण्याच्या गडबडीत पंचनामा, हमीपत्र, छायाचित्र एवढ्यावर प्रकरण मिटवण्याची जी सवय गावोगाव पडली आहे, तीच नंतर मुलीच्या अंगाशी येते. मंडप उतरतो, पाहुणे पांगतात आणि आठ दिवसांनी मुलगी शाळेत दिसत नाही.

खरे हत्यार बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ च्या कलम १३ मध्ये आहे. बालविवाह ठरला आहे किंवा होण्याच्या बेतात आहे, अशी खात्री पटल्यास प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात. त्यासाठी बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, म्हणजे तुमच्या गावी ग्रामसेवक, अर्ज करू शकतात आणि विश्वसनीय माहिती असलेली कोणतीही व्यक्ती तक्रार करू शकते. म्हणजे तुम्ही स्वतःही करू शकता. एरवी विरुद्ध बाजूला नोटीस द्यावी लागते, परंतु तातडी असेल तर नोटिशीशिवाय अंतरिम हुकूम मिळतो. हा हुकूम माणसांवर बजावला जातो, मंडपावर नाही. त्यामुळे वडिलांवर, मुलीच्या मामावर आणि नवऱ्या मुलाच्या घरच्यांवर तो नावानिशी घ्या. हुकूम माहीत असून मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात; स्त्रीला मात्र कैदेची शिक्षा देता येत नाही. कलम १४ नुसार अशा हुकुमाचे उल्लंघन करून लावलेले लग्न मुळातच निरर्थक ठरते, मग हुकूम अंतरिम असो वा अंतिम.

सीमा ओलांडल्यामुळे वऱ्हाडाला वाटते तसा फायदा होत नाही, उलट अडचण वाढते. महाराष्ट्रात, मनाई हुकूम नसेल तर, बालविवाह आपोआप रद्द होत नाही. अल्पवयात लग्न झालेल्या व्यक्तीने जिल्हा न्यायालयात अर्ज करून तो रद्द करून घ्यावा लागतो, आणि सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंतच ती मुदत असते. कर्नाटकाने मात्र २०१६ च्या दुरुस्तीने आपल्या राज्यातील प्रत्येक बालविवाह मुळापासूनच निरर्थक ठरवला आहे. विजयपुऱ्यात लावलेले हे लग्न कायद्याच्या नजरेत उभेच राहणार नाही. ही गोष्ट मामांच्या कानावर घालायला हरकत नाही. तुरुंगाच्या धाकापेक्षा ‘लग्न धरलेच जाणार नाही’ हे वाक्य कित्येकदा अधिक लागू पडते.

त्याचबरोबर मुलीला सोलापूरच्या बालकल्याण समितीपुढे हजर करा. कायद्याने विवाहयोग्य वय होण्यापूर्वीच लग्न होण्याचा धोका असलेले मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल’ या व्याख्येत येते. समितीने आदेश दिला की तिला जिल्ह्याबाहेर नेण्यापूर्वी समितीला विचारण्याचे बंधन घरच्यांवर घालता येते. दोन्ही आदेशांच्या प्रती विजयपुरा येथील समितीला आणि तेथील पोलिसांना पाठवा, सोबत मुलीचा शाळेचा दाखला, छायाचित्र आणि मामांच्या गावाचा पूर्ण पत्ता द्या. आगाऊ गेलेल्या कागदामुळे तेथील अधिकारी लग्नाच्या दिवशी वय सिद्ध करण्यात वेळ घालवत नाहीत. परीक्षा, हजेरी आणि शिष्यवृत्ती यांविषयी मुलीशी तुमचे बोलणे चालू राहू द्या. ती स्वतः १०९८ ला फोन करू शकते, हेही तिला माहीत असू द्या.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडहून सहा वर्षांच्या नातवाला घेऊन सोलापूरला आली आणि परत जायला तयार नाही. जावयांनी लंडनच्या न्यायालयातून मुलाला परत पाठवण्याचा आदेश आणला आहे. तो येथे लागू होतो का? — एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर

उत्तर : आपोआप लागू होत नाही, आणि दुर्लक्षिताही येत नाही. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. पालकांची जबाबदारी व मुलांच्या संरक्षणाविषयीच्या १९९६ च्या करारातही नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील होण्याची शिफारस केली, २०१६ मध्ये मसुदा विधेयकावर आणखी एक अहवाल दिला, तरी कायदा झालेला नाही. इंग्लंडमधील हुकूमनामा येथे थेट बजावण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ मध्ये आहे. ती पैशांच्या हुकूमनाम्यांपुरती आहे, मुलाच्या ताब्याला तिचा उपयोग नाही.

जावई बहुधा उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करावे असा, अर्ज करतील. अशा अर्जात न्यायालये परदेशी आदेशाला किती वजन देतात, यावर सर्वोच्च न्यायालयाची भूमिका बदलत आली आहे. १९८४ मधील एका गाजलेल्या प्रकरणात मूल इंग्लंडला परत पाठवले गेले. २०१७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मुलाचे हित सर्वोपरी असून परदेशी आदेश हा विचारात घ्यायच्या बाबींपैकी एक आहे, असे ठरवले. नातू येथे किती काळ आहे, शाळेत रमला आहे का, कोणती भाषा बोलतो, परत गेल्यास आईला तेथे राहण्याचा हक्क आणि निवारा आहे का, हे सारे तपासले जाईल. म्हणून वेळ महत्त्वाचा आहे. आल्यानंतर लगेच केलेला अर्ज आणि दोन वर्षांनी केलेला अर्ज यांची फळे सारखी नसतात.

कधी कधी आपल्या न्यायालयाच्या अटी परदेशातही बंधनकारक राहाव्यात म्हणून तेथील न्यायालयाकडून तशाच आशयाचा आदेश मिळवण्याची अट घातली जाते. वकील त्याला मिरर ऑर्डर म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका मुलाचा ताबा केनियातील वडिलांना देताना ही अट घातली. वडिलांनी पुढे आदेश पाळला नाही, न्यायालयाला फसवल्याचे निष्पन्न झाले आणि २०२१ मध्ये तो आदेश मागे घेण्यात आला. पण मूल तोवर देशाबाहेर गेले होते. कागदी हमीची मर्यादा यातून दिसते आणि आपल्या मुलीच्या वकिलांनी ती न्यायालयापुढे जरूर मांडावी.

आजोबा म्हणून आपल्याला एवढेच सांगेन की नातवाला नातेवाइकांकडे लपवू नका, पत्ता लपवू नका आणि वडिलांशी त्याचे व्हिडिओ कॉलवरचे बोलणे तोडू नका. मुलाला दोन्ही पालकांचा सहवास मिळावा, यावर न्यायालये आता विशेष भर देतात आणि तोडलेला संपर्क आईच्या विरुद्ध जातो. इंग्लंडमध्येही वकील नेमून तेथील न्यायालयात बाजू मांडा, कारण तेथील एकतर्फी आदेश येथे अधिक अडचणीचा ठरतो.

प्रश्न : मी विधवा असून धाराशिव जिल्ह्यात माझ्या मुलाला बालसंगोपन योजनेचे दरमहा २,२५० रुपये मिळत होते. कामासाठी सोलापूरला आले. लाभ बंद होईल का? — एक वाचक

उत्तर : योजना संपूर्ण महाराष्ट्राची असल्याने जिल्हा बदलला म्हणून पात्रता जात नाही. मात्र लाभ समितीच्या आदेशावर आणि कक्षाच्या गृहभेटीवर चालतो, म्हणून धाराशिवच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे प्रकरण सोलापूरला वर्ग करण्याचा लेखी अर्ज द्या. त्यासोबत येथील भाडेकरार किंवा पत्त्याचा अन्य पुरावा आणि मुलाचे शाळेचे बोनाफाईड जोडा व त्याची प्रत येथील कक्षाला द्या. धाराशिवचे प्रकरण चालू ठेवून सोलापुरात दुसरा अर्ज करू नका. एकाच मुलाची दोन ठिकाणी नोंद दिसली की दोन्ही अडकतात. कर्नाटकात किंवा अन्य राज्यात राहायला गेलात तर ही योजना सोबत येणार नाही. तेथे मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेखालील प्रायोजकत्वाच्या साहाय्यासाठी, जे दरमहा ४,००० रुपये आहे, त्या जिल्ह्याच्या कक्षाकडे नव्याने अर्ज करावा लागेल.